कोण आधी हात टाकणार? दोन बचावपटू बॉक्सरांची लढत वाचायची कशी

९ डिसेंबर २०१७. न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनच्या थिएटरात, एकाच रिंगमध्ये चार ऑलिंपिक सुवर्णपदकं. दोन क्यूबाच्या गिलेर्मो रिगोंडोची (२००० आणि २००४), दोन युक्रेनच्या वासिल लोमाचेंकोची (२००८ आणि २०१२). दोघांचा लौकिक असा की यांना ठोसा मारायला जाणं म्हणजे धूर मुठीत धरायला जाणं. सगळे श्वास रोखून बसले होते. आणि सहा फेऱ्यांनंतर रिगोंडो स्टुलावरून उठलाच नाही. हाताला दुखापत झाल्याचं त्याने सांगितलं, लढत संपली, लोक चिडले.

त्या रात्री पहिल्यांदाच बॉक्सिंग पाहायला बसलेल्या माणसाने टीव्ही बंद केला असेल, तर त्याला दोष देता येणार नाही. पण त्या अठरा मिनिटांत बरंच काही घडत होतं. ते कुठे पाहायचं हे माहीत नसलं, की दोन माणसं एकमेकांकडे बघत उभी आहेत एवढंच दिसतं. मीही सुरुवातीची काही वर्षं अशा लढती पळवत पाहायचो आणि पडापडी झाली की थांबायचो. तेच चुकत होतं.

हा लेख त्या सुरुवातीच्या दिवसांसाठी आहे. दोन्ही बाजूंना बचावात तयार बॉक्सर असले की लढत कशी वळते, का वळते, आणि घंटा वाजायच्या आधी थोडाफार अंदाज कसा बांधायचा, ते एकेका पायरीने पाहू. एक खुलासा आधीच करतो: या लेखात ‘पंच’ म्हणजे रिंगबाहेर बसून गुण देणारे. मारतात तो ठोसा. मराठीत बॉक्सिंगवर बोलताना हा घोळ हमखास होतो.

पायरी १: बचाव कशाने करतोय ते ओळखा

‘याचा बचाव चांगला आहे’ हे वाक्य ‘याचा स्वयंपाक चांगला आहे’ इतकंच मोघम आहे. कशाने? पायांनी, कमरेने, हातांनी की मिठीने? बहुतेक मोठे बॉक्सर यांतलं सगळंच थोडंथोडं करतात, पण अडचणीत सापडल्यावर प्रत्येक जण आपापल्या एका सवयीकडे पळतो. ती सवय शोधायची.

पायांचा बचाव म्हणजे अंतर. ठोसा पोहोचायच्या जागी माणूसच नसतो. रिगोंडो, क्यूबाचाच एरिसलँडी लारा, उमेदीतला मुहम्मद अली, हे या जातीचे. याला फार दम लागतो, आणि मागे सरकणारा माणूस पंचांच्या डोळ्यांना पळणारा वाटू शकतो. शिवाय रिंगला चार कोपरे आहेत. समोरचा सरळ मागे न धावता आडवं चालून वाट अडवू लागला, की दोर पाठीला टेकतो.

कमरेचा आणि डोक्याचा बचाव हा सगळ्यांत देखणा. पाय जवळपास जागच्या जागी, फक्त वरचं शरीर हलतं, ठोसा कानाजवळून जातो. पर्नेल व्हिटेकर, विल्फ्रेड बेनितेझ, अर्जेंटिनाचा निकोलिनो लोचे. लोचेला त्याचे लोक ‘अस्पर्श’ म्हणायचे. १९६८ मध्ये टोकियोत जगज्जेतेपदासाठी लढताना त्याने पॉल फुजीला इतकं हवेत ठोसे मारायला लावलं, की दहाव्या फेरीसाठी फुजी बाहेर आलाच नाही. शोल्डर रोलही याच घराण्यातला. पुढचा खांदा वर, हनुवटी त्याच्यामागे, पुढचा हात पोटावर आडवा, मागचा हात गालाशी. फ्लॉइड मेवेदर आणि जेम्स टोनी यांच्यामुळे तो सगळ्यांना माहीत झाला. या बचावाचा फायदा असा की ठोसा चुकवल्यावर तुम्ही अजून माराच्या अंतरातच असता, म्हणून उलट ठोसा लगेच देता येतो. त्याची उधारी फेडावी लागते ती दोरांजवळ. हलायची जागा कमी झाली आणि ठोसे सरळ न येता वरून, बाजूने, अवेळी येऊ लागले, की खांद्याचं गणित बिघडतं. मे २०१४ मध्ये मार्कोस मैदानाने मेवेदरला तसं गाठलं. मेवेदर जिंकला, पण एका पंचाने लढत ११४-११४ अशी बरोबरीत दिली.

हातांचा बचाव म्हणजे हाय गार्ड. दोन्ही ग्लव्ह्ज कपाळाशी, कोपरं बरगड्यांशी, दार बंद. यातला उस्ताद विंकी राइट. २००५ मध्ये फेलिक्स ट्रिनिदादसारख्या हुक (कोपर वाकवून बाजूने येणारा ठोसा) मारणाऱ्याला त्याने बारा फेऱ्या नुसत्या ग्लव्ह्जवर ठोसे मारायला लावले आणि वर स्वतःच्या जॅबने, म्हणजे पुढच्या हाताच्या झटपट सरळ ठोशाने, त्याचं नाक लाल केलं. पण दार बंद असताना आतल्यालाही बाहेर येता येत नाही. हात झाकायला लागले आहेत तोवर मारायला मोकळे नसतात.

मिठी, म्हणजे क्लिंच, हाही बचावच आहे, कितीही नाकं मुरडा. बर्नार्ड हॉपकिन्स आणि व्लादिमिर क्लिच्को यांनी तिला हत्यार केलं. तिचा मालक मात्र तिसराच माणूस असतो: रेफरी. तो कडक निघाला तर गुण कापतो.

पहिल्या दोन फेऱ्यांत एवढंच करा. दोघांवरही पहिला जोरदार हल्ला झाला की पाहा: हा मागे गेला, वाकला, झाकला की बिलगला? कागदावर एक शब्द लिहून ठेवा. पुढचं सगळं त्या दोन शब्दांवर उभं आहे.

पायरी २: कोणता पाय पुढे आहे ते पाहा

उजव्या हाताचा बॉक्सर डावा पाय आणि डावा हात पुढे ठेवून उभा राहतो, त्याला ऑर्थोडॉक्स म्हणतात. डावखुरा, म्हणजे साउथपॉ, त्याच्या उलट. दोघे एकाच पद्धतीचे असतील तर पुढच्या हाताचा जॅब मोकळ्या वाटेने जातो. दोघे उलट असतील तर पुढचे पाय एकमेकांच्या अंगठ्यावर येतात, पुढचे हात एकमेकांत अडकतात, जॅब अर्ध्यावर मरतो. त्याऐवजी मागच्या हाताची सरळ रेघ उघडी पडते. म्हणून अशा लढतीत आपला पुढचा पाय समोरच्याच्या पायाच्या बाहेर कोण ठेवतो, याची सतत रस्सीखेच चालते. तिथे पाय पडला की मागचा हात थेट हनुवटीच्या रेषेत येतो. ठोसे दिसत नसले तरी ही लढाई दिसते. एक अख्खी फेरी फक्त चार बुटांकडे बघून काढा, पटेल.

आता हे बचावाला लावू. शोल्डर रोल मुळात कुणाचा ठोसा अडवायला बनला आहे? समोरच्या ऑर्थोडॉक्स माणसाचा उजवा. डावा खांदा त्याच बाजूला उभा असतो. समोर डावखुरा आला की त्याचा जोराचा हात डावा, तो दुसऱ्या बाजूने येतो, आणि खांदा रिकाम्या दारावर पहारा देत बसतो. एप्रिल २००६ मध्ये झॅब जुडा हा चपळ डावखुरा मेवेदरसमोर होता. पहिल्या चार फेऱ्या जुडा छान दिसला. मग मेवेदरने आपला लाडका पवित्रा बाजूला ठेवला, हात वर घेतले, पुढे चालत गेला, उजव्या हाताने शरीरावर मारू लागला आणि लढत फिरवली. मोठा बचावपटू कोण, याची माझी व्याख्या त्या लढतीवरून बनली: ज्याच्याकडे दुसरा बचाव आहे तो.

दोन्ही डावखुरे असतील तर? नव्या प्रेक्षकाला वाटतं, मग हिशेब बरोबर. कागदावर बरोबर, प्रत्यक्षात विचित्र. डावखुरा आयुष्यभर बहुतांश ऑर्थोडॉक्स लोकांशीच लढलेला असतो. त्याचे कोन, त्याचा बाहेर ठेवायचा पाय, सगळं त्यांच्यासाठी घोटलेलं. समोर आपलीच आरशातली प्रतिमा आली की त्यालाही नव्याने शिकावं लागतं. रिगोंडो आणि लोमाचेंको दोघेही डावखुरे होते, हे लक्षात ठेवा. त्या लढतीकडे परत येणार आहे.

पायरी ३: घर सोडून कुणाला यावं लागेल?

एकच पायरी लक्षात ठेवायची असेल तर ही ठेवा.

बचावपटूंचा जीव बहुतेक वेळा काउंटरमध्ये असतो. समोरच्याने हात टाकला की त्याचं काहीतरी उघडं पडतं, तिथे मारायचं. दोघेही तसेच असतील तर दोघेही वाट पाहतात. ‘आधी तू’ म्हणत दोघे दारातच ताटकळतात. आणि अशा लढतीत हरणारा बहुधा तो असतो, ज्याला आधी जावं लागतं. म्हणून ‘दोघांत श्रेष्ठ कोण’ हे जरा वेळ विसरा. ‘आधी हात टाकायची सक्ती कुणावर आहे’ हे विचारा.

सक्ती येते कुठून? एक, हातांच्या पल्ल्यातून. ज्याचे हात लांब, तो दुरून जॅब टेकवत राहतो. काहीच झालं नाही तरी फेरी त्याची, मग आखूड हातांच्या माणसाला आत यावंच लागतं. दोन, गुणांतून. पाच फेऱ्या मागे पडलेल्याला वाट पाहणं परवडत नाही. कधी कधी गर्दीचा आरडाओरडाही पुरतो, पण खरा मुरलेला माणूस त्याला बधत नाही.

याचं सगळ्यांत स्वच्छ उदाहरण तीन माणसांचं आहे. मेक्सिकोचा हुआन मॅन्युएल मार्केझ हा काउंटरचा जातिवंत कारागीर. फिलिपिन्सचा मॅनी पॅकियाव त्याच्यावर २००४ ते २०१२ दरम्यान चार वेळा धावून गेला. पहिली लढत बरोबरीत, पुढच्या दोन पॅकियावने काठावर जिंकल्या, चौथीत मार्केझने सहाव्या फेरीत एका उजव्या ठोशाने त्याला तोंडघशी पाडलं. ४२ फेऱ्या, आणि कोण वरचढ यावर लोक अजून भांडतात. कारण सोपं आहे: पॅकियाव यायचा. मार्केझला फक्त येणारा माणूस हवा होता.

सप्टेंबर २००९ मध्ये तोच मार्केझ मेवेदरसमोर उभा राहिला आणि लढत एकतर्फी झाली. मेवेदर आलाच नाही. लांब हातांनी दुरून जॅब, मधेच अचानक डावा हुक, परत बाहेर. दुसऱ्याच फेरीत त्या हुकने मार्केझ खाली बसला. मग काउंटरच्या कारागिराला स्वतःच हात टाकत पुढे जावं लागलं, आणि ते त्याचं घर नव्हतं. (मेवेदर ठरलेल्या १४४ पौंडांपेक्षा दोन पौंड जास्त वजनाने आला होता आणि मुळातच मोठ्या अंगाचा होता, हेही सांगायला हवं. पण वजन सारखं असतं तरी वाट पाहण्याचा प्रश्न तसाच राहिला असता, असं मला वाटतं.)

मग मे २०१५ मध्ये मेवेदर आणि पॅकियाव. इथे मेवेदरने उलटा कारभार केला. मार्केझसमोर तो आधी हात टाकत होता, पॅकियावसमोर त्याने येऊ दिलं, अर्धं पाऊल मागे, उजवा हात, मिठी, परत मध्यभागी. तिन्ही पंचांनी त्याला दिलं: ११८-११०, ११६-११२, ११६-११२. म्हणजे पॅकियाव आणि मार्केझ जवळपास समान असूनही मेवेदरला दोघांसाठी दोन वेगळ्या किल्ल्या लागल्या. ‘अ ने ब ला हरवलं, ब ने क ला, म्हणून अ क ला हरवणार’ हे गणित बॉक्सिंगमध्ये वारंवार का फसतं, त्याचं उत्तर इथे आहे.

पायरी ४: हूल पाहू नका, हुलीला मिळालेलं उत्तर पाहा

दोघेही थांबलेत, कुणीच येत नाही. मग कोंडी फोडायची कशी? हूल देऊन. खांदा हलवायचा, हात चार बोटं पुढे आणायचा, गुडघा वाकवायचा, ठोसा मात्र टाकायचा नाही. समोरचा दचकून काय करतो, ते टिपायचं. डोकं उजवीकडे नेतो? मग पुढच्या वेळी खरा ठोसा तिथेच पाठवायचा.

आपली नजर साहजिकच हूल देणाऱ्याकडे जाते, कारण हलतोय तो. सवय मोडा. दुसऱ्याकडे बघा. तो प्रत्येक हुलीला दाद देत असेल, पापण्या, हात, पाय सगळं हलत असेल, तर तो फेरीगणिक वाचला जातोय. तो निवांत असेल आणि फक्त खऱ्या ठोशालाच हलत असेल, तर हूल देणारा आपलाच दम घालवतोय.

३० नोव्हेंबर १९७९ रोजी लास वेगासमध्ये शुगर रे लेनर्ड आणि बेनितेझ भिडले, ती लढत या अभ्यासासाठी सोन्यासारखी आहे. बेनितेझ सतराव्या वर्षी जगज्जेता झालेला, टोपणनाव ‘रडार’. दोघांनी एकमेकांचे असे काही ठोसे चुकवले की काही फेऱ्यांत प्रेक्षकांपेक्षा त्या दोघांनाच जास्त मजा येत असावी. तिसऱ्या फेरीत लेनर्डने त्याला खाली बसवलं ते कुठल्या घणाघाती ठोशाने नाही, साध्या डाव्या जॅबने. हूल, हूल, हूल, आणि मग त्याच हालचालीत खरा जॅब. लढत पंधराव्या फेरीपर्यंत गेली आणि शेवटचे सहा सेकंद उरले असताना रेफरीने थांबवली.

याच पायरीचं कोरडं, रुक्ष रूप पाहायचं असेल तर नोव्हेंबर २०१५ ची टायसन फ्युरी आणि क्लिच्को यांची लढत पाहा. क्लिच्को २००४ नंतर हरलेला नव्हता. त्याचा सारा बचाव एका गोष्टीवर टेकलेला: समोरच्यापेक्षा मी उंच. डावा हात लांब करून ठेवायचा, कुणी आत आलंच तर वरून मिठी मारून अंगाचा भार टाकायचा. समोर आला त्याच्यापेक्षाही उंच फ्युरी, जो सतत खांदे, डोकं, हात हलवत होता आणि मधेच पवित्राही बदलत होता. क्लिच्कोला ठोसा टाकायचा क्षणच सापडेना. मोजणी करणाऱ्यांच्या हिशेबाने बारा फेऱ्यांत त्याचे ५२ ठोसे लागले, फ्युरीचे ८६. दोघांचे मिळून इतकेच! लढत म्हणून कंटाळवाणी, धडा म्हणून अव्वल.

पायरी ५: दूरचा बचाव आणि जवळचा बचाव यांची बेरीज करा

पहिल्या पायरीत लिहिलेले दोन शब्द आता शेजारी ठेवा.

दोघेही अंतराने बचाव करणारे असतील तर मध्ये रिकामी जागाच उरते. ठोसे थोडे, हुली पुष्कळ, निकालावर वाद. दोघेही हाताने आणि मिठीने बचाव करणारे असतील तर कुस्ती होते. २००७ ची हॉपकिन्स आणि विंकी राइट यांची लढत तशी. एकाचं दार बंद, दुसरा दारालाच बिलगलेला. तिसऱ्या फेरीत डोकी आपटून राइटची भुवई फाटली. हॉपकिन्स निर्विवाद जिंकला, पण ती लढत पुन्हा पाहायचा आग्रह मी कुणाला करणार नाही.

आणि दोघेही कमरेने, खांद्याने, म्हणजे जवळ उभं राहून बचाव करणारे असतील तर? मग मेजवानी. ‘दोन बचावपटू म्हणजे कंटाळा’ हा समज इथे पार मोडतो. डिसेंबर १९९१ मध्ये अटलांटिक सिटीत टोनी आणि जमैकाचा माइक मॅकॅलम बारा फेऱ्या एकमेकांच्या श्वासाच्या अंतरावर उभे होते. मॅकॅलमने ठोसा टाकला, टोनीने खांद्यावरून घसरवला आणि उलट मारला. तो उलटा ठोसा मॅकॅलमने कोपराने अडवून पोटात दिला. टोनीने तोही अर्धा झेलून वरून उजवा दिला. काउंटरला काउंटर, त्याला पुन्हा काउंटर. बचाव दोघांचाही उत्तम होता, फक्त तो पळण्यासाठी नव्हता, पुढचा ठोसा मारता यावा म्हणून होता.

उरली तिसरी जोडी: एक दूरचा, एक जवळचा. इथे जवळच्याचे हाल होतात, कारण त्याच्या बचावाला खायला ठोसे लागतात. तोच टोनी नोव्हेंबर १९९४ मध्ये रॉय जोन्सपुढे आला. जोन्स दुरून झेप घेऊन मारायचा आणि टोनीने उत्तर द्यायच्या आत निघून जायचा. टोनी खांदा वर करून उभा, पण खांद्यावर काही येतच नव्हतं. तिसऱ्या फेरीत जोन्सने हात खाली सोडून चिडवलं, टोनीनेही तशीच नक्कल केली, आणि त्याच क्षणी झेप घेऊन आलेल्या डाव्या हुकने तो दोरांवर कोसळला. वजन उतरवताना टोनी त्या लढतीआधी पार पिळून निघाला होता, हे खरंच. तरी ताजातवाना टोनीसुद्धा त्या जोन्सला पकडू शकला असता असं मला वाटत नाही.

आता रिगोंडो आणि लोमाचेंको. रिगोंडोचा बचाव अंतराचा, हत्यार एकच पण भयंकर: येणाऱ्याला बसणारा सरळ डावा. बहुतेक लोक त्याच्याकडे सरळ यायचे, आणि बहुतेक ऑर्थोडॉक्स असायचे. २०१३ मध्ये नोनितो डोनेरला त्याने असंच बारा फेऱ्या खेळवलं. लोमाचेंको सरळ आलाच नाही. तो माराच्या रेषेच्या जेमतेम बाहेर उभा राहिला, पुढच्या हाताने सतत टपटप हुली, आणि मग एक पाऊल बाजूला. रिगोंडोचा डावा निघायच्या आत समोरची जागा रिकामी. घर सोडावं तर लोमाचेंको बाजूला तयार, न सोडावं तर गुण चालले. मग उरलं वाकणं आणि मिठी. सहाव्या फेरीत धरून ठेवल्याबद्दल रेफरीने त्याचा गुणही कापला. हात दुखावला असेलही, पण त्याच्या बचावाला विचारायचे सगळे प्रश्न त्याआधीच विचारून झाले होते.

पायरी ६: पंचांच्या खुर्चीत बसा

प्रत्येक फेरी तीन मिनिटांची. जिंकणाऱ्याला दहा, हरणाऱ्याला बहुधा नऊ, खाली पडल्यास आठ. पाहायच्या गोष्टी चार: स्वच्छ लागलेले ठोसे, परिणामकारक आक्रमण, रिंगवरचा ताबा आणि बचाव. बचाव यादीत आहे, पण गंमत अशी की चुकवलेल्या ठोशाचा आवाज होत नाही. दोघांचाही बचाव चांगला असला की तो एकमेकांत वजा होतो आणि उरलेल्या किरकोळ गोष्टींवर फेरी ठरते. कोण पुढे चालत होता, कुणाचे हात जास्त हलत होते.

एप्रिल २००८ मध्ये जो कालझागी आणि हॉपकिन्स. पहिल्याच फेरीत हॉपकिन्सने त्याला खाली पाडलं. पुढे मात्र कालझागी हात चालवतच राहिला. ठोसे हलके, काही तर नुसते थपडेसारखे, पण अखंड. हॉपकिन्सचा एकेक ठोसा मोलाचा, पण मोजकाच. दोन पंचांनी कालझागीला दिलं, एकाने हॉपकिन्सला. कंजूष बचावपटूला उधळ्या हातांचा माणूस असा छळतो.

आणि पंचांचा भरवसा धरू नका. १० सप्टेंबर १९९३ रोजी सॅन अँटोनिओत व्हिटेकरने हुलिओ सीझर चावेझला, ८७ लढतींत एकदाही न हरलेल्या माणसाला, डावखुऱ्याच्या उजव्या जॅबने गोंधळवून सोडलं. जवळ येऊनही त्यालाच मारलं. तरी दोन पंचांनी ११५-११५ दिलं आणि लढत बरोबरीत गेली. त्या रात्री व्हिटेकर जिंकला होता, यावर मी आयुष्यभर वाद घालायला तयार आहे.

म्हणून आवाज बंद करून, समालोचन न ऐकता, स्वतः गुण लिहा. समालोचक एकदा का एकाच्या प्रेमात पडला, की त्याचे हवेत गेलेले ठोसेही लागल्यासारखे ऐकू येतात.

पायरी ७: वजन आणि वय

थोडक्यात. रिगोंडो १२२ पौंडांच्या गटातून दोन गट वर चढून १३० ला लढला होता. मोठ्या अंगाच्या माणसाची मिठी जड असते आणि त्याचा ग्लव्ह्जवर बसलेला ठोसाही दुखतो. वयाचं म्हणाल तर पायांचा बचाव सगळ्यांत आधी म्हातारा होतो, हातांचा आणि मिठीचा सगळ्यांत शेवटी. हॉपकिन्स चाळिशीनंतरही का टिकला, याचं अर्धं उत्तर यात आहे.

पायरी ८: सराव

घंटेआधी कागदावर लिहा: कोण कशाने वाचतो, कुणाचा कोणता पाय पुढे, हात कुणाचे लांब, आणि आधी हात टाकायची सक्ती कुणावर येईल. चौथ्या फेरीनंतर कागद पुन्हा बघा. अंदाज चुकला असेल तर बहुधा कुणीतरी आपला दुसरा बचाव बाहेर काढलेला असतो. कधी आणि का बदलला, ते शोधायला फेरी परत लावा.

लढती कुठल्या क्रमाने पाहाव्यात? सुरुवात मार्केझ आणि पॅकियाव यांच्या पहिल्या लढतीपासून करा. तिथे येणारा आणि थांबणारा हा फरक ढळढळीत दिसतो. लगेच पाठोपाठ मार्केझ आणि मेवेदर पाहा. मग व्हिटेकर आणि चावेझ, हातात पेन घेऊन. लेनर्ड आणि बेनितेझ एकदा पूर्ण पाहा, एकदा फक्त बेनितेझचं डोकं पाहा. फ्युरी आणि क्लिच्को या लढतीच्या तीन फेऱ्या पुरेत, बारा पाहायची शिक्षा स्वतःला करून घेऊ नका. लोमाचेंको आणि रिगोंडो आता पुन्हा लावा. पहिल्यांदा जिथे काहीच दिसलं नव्हतं तिथे पाय बघा.

टोनी आणि मॅकॅलम शेवटी ठेवा, आणि ती सलग बघा. बाराव्या फेरीत टोनीने मॅकॅलमला हादरवलं, मॅकॅलम कसाबसा उभा राहिला, घंटा वाजली. निकाल ऐकायच्या आधी आपली बेरीज करून पाहा. तीन पंचांचंही त्या रात्री एकमत झालं नव्हतं.